यंत्राची पहाट आणि तिचे मानकरी

"काका, मराठी गेली."

वाचनालयाच्या ग्रंथपालताईंचा फोन सकाळी साडेनऊला आला. मराठी गेली म्हणजे संगणकावर मराठी उमटेनाशी झाली. आमच्या वाचनालयाची जुनी दाखल नोंदवही शाईने लिहिलेली, कडा झडत चाललेली आहे. गेल्या दीड वर्षापासून ताई ती रोज दोन तास टंकत आहेत. काही पाने इतकी ठिसूळ झाली आहेत की उलटताना बोटाला तुकडा चिकटून येतो. म्हणून एकदा पान उघडले की ते पूर्ण टंकूनच मिटायचे, असा ताईंचा शिरस्ता. त्या सकाळी एक पान अर्धे टंकून उघडे पडले होते.

दोष कोणाचा हे शोधायला लांब जावे लागले नाही. देणगीत आलेल्या त्या जुन्या संगणकावर लिनक्स मीच बसवले होते आणि आदल्या संध्याकाळी ते अद्ययावतही मीच केले होते. मराठी कळफलक चालू करणाऱ्या चार ओळी मी काही वर्षांपूर्वी एका फाईलमध्ये लिहून ठेवल्या होत्या. जाऊन पाहिले तर फाईल जागेवर, ओळी जशाच्या तशा. फक्त ती फाईल आता कोणी वाचत नव्हते.

मग मी नवख्यासारखा उपाय केला. त्याच ओळी शेलच्या फाईलमध्ये घातल्या. शेल म्हणजे काळ्या खिडकीत हुकूम टंकायची ती जागा. त्या खिडकीतून कार्यक्रम उघडला की मराठी उमटे. तोच कार्यक्रम मेन्यूवर टिचकी मारून उघडला की नाही. एकच यंत्र, एकच माणूस, एकच कार्यक्रम आणि दोन वेगळे स्वभाव. ताई म्हणाल्या, "म्हणजे दार बदललं की भाषा बदलते?" प्रश्न नेमका होता, पण उत्तर त्या दिवशी माझ्याजवळ नव्हते. ते शोधता शोधता मी पन्नासहून अधिक वर्षे मागे गेलो. यंत्राला सकाळी जागे कोण करते, आणि माणूस समोर येऊन बसला की त्याचे पाट-पाणी कोण मांडते, या दोन प्रश्नांचा हा इतिहास आहे.

*

बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून घडवत आणलेल्या युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे. 'इनिट' नावाचा कार्यक्रम तिच्यात आहे. यंत्र सुरू होण्याच्या शेवटच्या टप्प्यावर त्याला हाक मारली जाते आणि जोडलेल्या प्रत्येक टंकयंत्रासाठी तो एकेक प्रक्रिया उभी करतो, एवढेच त्याचे काम. तेव्हा पडदे नव्हते. कागदावर खडखडत छापणारी टेलिटाइप यंत्रे होती. इनिट प्रत्येक यंत्रापाशी एक दारवान बसवी. माणूस येई, नाव सांगे, काम करी, जाई. तो गेला की इनिट पुन्हा नवा दारवान बसवी. त्या माणसाच्या येण्यापासून जाण्यापर्यंतचा काळ म्हणजे सत्र, अर्थात सेशन. पुढे ज्यावरून एवढे महाभारत झाले ती कल्पना मुळात इतकी साधी होती.

इनिटचा क्रमांक एक. युनिक्सात प्रत्येक प्रक्रिया दुसऱ्या कोणत्या तरी प्रक्रियेच्या पोटी जन्मते, म्हणून सगळ्यांची वंशावळ मागे मागे नेली की ती या एकापाशी येते. एखाद्या प्रक्रियेचा जन्मदाता आधी मेला तर पोरक्या मुलाला इनिट दत्तक घेतो, आणि ती मेली की तिचे क्रियाकर्मही तोच करतो. इतर कोणीही मेले तरी यंत्र चालू राहते. क्रमांक एक मेला तर कर्नल हात टेकतो आणि सगळेच थांबते. गावच्या पाटलासारखे हे पद. काम थोडे दिसते, पण तो नसला की कोणाचेच काही चालत नाही.

लोक त्या काळी टेलिफोनच्या तारेवरूनही यंत्राशी बोलत. फोन ठेवला की समजायचे, माणूस गेला. मग त्याच्या प्रक्रियांना एक इशारा जाई, 'हँगअप', आणि त्या संपत. माणूस गेल्यावरही एखादे लांबलचक गणित चालू राहावे असे वाटले तर त्यापुढे 'नोहप' हा शब्द जोडायचा. फोन ठेवला तरी तू ऐकू नकोस, असा त्याचा अर्थ. टेलिफोन गेले, तारा गेल्या, पण इशारा आणि त्याचा प्रतिबंध दोन्ही आजही प्रत्येक लिनक्स यंत्रात आहेत. या नोहपवरून २०१६ मध्ये मोठे भांडण झाले. त्याकडे पुढे येतो.

मांडणीच्या फाईलींचेही मूळ असेच जुने. कित्येक फाईलींच्या नावाच्या शेवटी 'आरसी' ही दोन अक्षरे असतात. ती एमआयटीमधल्या युनिक्सपूर्व यंत्रणेतल्या 'रनकॉम' या शब्दातून उतरली आहेत. हुकमांची यादी एका फाईलीत लिहून ती एकदम चालवण्याची सोय म्हणजे रनकॉम, आणि ती फ्रेंच संगणकतज्ज्ञ लुई पूझाँ यांची. या फाईलींच्या नावाआधी टिंब का असते, याचा किस्सा रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये लिहिला. फाईलींची यादी दाखवणाऱ्या कार्यक्रमाने 'ही जागा' आणि 'वरची जागा' दाखवणाऱ्या दोन टिंबाच्या नोंदी गाळाव्यात, म्हणून लिहिणाऱ्याने सोपा मार्ग घेतला आणि टिंबाने सुरू होणारे सगळेच गाळले. त्या आळसातून लपलेल्या फाईली जन्मल्या. घरोघरी माळ्यावर जसे सामान साठते तशी माणसाची सारी आवडनिवड या टिंबामागे साठत गेली. माझी मराठीची फाईलही तिथलीच, नाव 'डॉट एक्सप्रोफाइल'.

*

त्या नावातला 'एक्स' म्हणजे चित्रमय पडद्याची यंत्रणा. एमआयटीच्या अथीना प्रकल्पाच्या परिसरात १९८४ मध्ये बॉब शायफलर आणि जिम गेटिस यांनी ती सुरू केली. तिची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये आली आणि पुढे तीन दशके तीच चालली. एक्स फक्त पडदा पुरवी. पडद्यावर काय मांडायचे हे एका छोट्या फाईलीत माणसाने लिहायचे: घड्याळ लाव, खिडकी उघड, खिडक्यांच्या चौकटी सांभाळणारा कार्यक्रम चालव. यातली शेवटची ओळ महत्त्वाची. तिथला कार्यक्रम जिवंत आहे तोवर सत्र जिवंत, तो मिटला की दिवस मिटला. एका ओळीवर सबंध दिवस टांगलेला, पण ती ओळ स्वतःची असे आणि वाचता येई.

पुढे कीथ पॅकार्ड यांनी एक्सडीएम लिहिला. पडद्यावरच नाव आणि परवलीचा शब्द विचारणारा हा पहिला चित्रमय दारवान. पॅकार्ड हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पंचवीस वर्षांनी ते पुन्हा येणार आहे.

इकडे क्रमांक एकचे कुटुंब दुभंगले होते. बर्कलीच्या शाखेत एक सरळ फाईल वरून खाली वाचली जाई. एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्हने (१९८३) 'रनलेव्हल' आणली: शून्य म्हणजे बंद, एक म्हणजे एकटा कारभारी, पुढचे आकडे गजबजलेल्या यंत्रासाठी. कोणती सेवा आधी आणि कोणती नंतर हे फाईलीच्या नावातल्या आकड्यावरून ठरे, पंक्तीत पाटाला नंबर घातल्यासारखे. लिनक्ससाठी या पद्धतीचा इनिट मिकेल व्हान स्मूरेनबर्ग यांनी लिहिला आणि बहुतेक लिनक्स वितरणे त्याच वाटेने गेली. पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांचे स्लॅकवेअर मात्र बर्कलीच्या सरळ फाईलींशी निष्ठावंत राहिले.

त्या पद्धतीचे गुणगान करताना जुनी मंडळी हळवी होतात. मीही होतो. पण खरे सांगायचे तर ती फार चांगली नव्हती. प्रत्येक सेवेची पटकथा वेगळ्या माणसाने वेगळ्या सवयीने लिहिलेली. सेवा चालू आहे का, हे एका फाईलीत लिहून ठेवलेल्या क्रमांकावरून ओळखायचे. सेवा मेली आणि क्रमांक मागे राहिला तर यंत्र खुशाल सांगे की सर्व ठीक आहे. एकेक सेवा रांगेने उठे, नेटवर्क उठेपर्यंत बाकीचे ताटकळत. आणि १९९६ मध्ये मथियास एट्रिश यांचे केडीई, १९९७ मध्ये मिगेल द इकाझा आणि फेदेरिको मेना यांचे ग्नोम आल्यावर डेस्कटॉपच्या पोटात स्वतःच्या डझनावारी सेवा आल्या. आवाजाची एक, सूचनांची एक, चाव्यांच्या जुडग्याची एक. त्यांना उठवण्याचे काम प्रत्येक डेस्कटॉप आपापल्या रीतीने करू लागला. म्हणजे यंत्राचा एक इनिट आणि माणसाच्या सत्राचा दुसरा, बेवारशी, अर्धवट इनिट. इतिहासाला वळण इथून मिळाले, असे माझे मत आहे. क्रमांक एकवरच्या भांडणांनी पुढे इतका गोंगाट केला की हा दुसरा, माणसाच्या बाजूचा प्रश्न मागेच पडला.

*

२००५ मध्ये अ‍ॅपलने मॅकसाठी लाँचडी आणला. सनच्या सोलारिसनेही त्याच वर्षी सेवा सांभाळण्याची नवी रचना दिली. २००६ मध्ये उबुंटूत स्कॉट जेम्स रेम्नंट यांचा अपस्टार्ट आला. ३० एप्रिल २०१० रोजी लेनार्ट पोटरिंग या तरुण जर्मन प्रोग्रामरने क्रमांक एकचा नव्याने विचार करणारा लांबलचक लेख प्रसिद्ध केला आणि के झीव्हर्स यांच्यासह लिहिलेला सिस्टमडी जगापुढे ठेवला.

त्यातली मुख्य युक्ती लाँचडीवरून घेतल्याचे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. कारकून कचेरीत येण्याआधीच दारावर टपालपेटी लावून टाकायची. लोक पत्रे टाकत राहतील, कारकून आला की काढून घेईल. कोणी कोणासाठी खोळंबायला नको आणि रांगेचे आकडेही नकोत. दुसरी युक्ती कर्नलमधली. प्रत्येक सेवेभोवती कुंपण घालायचे, म्हणजे तिची मुले-नातवंडे कितीही पांगली तरी कोण कोणाचे हे कळते. आणि पटकथेच्या जागी जेमतेम दहा ओळींची जाहीर फाईल: ही सेवा कोणती, कोणानंतर उठायची, मेली तर पुन्हा उठवायची की नाही. मी दोन्ही प्रकारच्या फाईली लिहिल्या आहेत. नवी फाईल वाचायला सोपी आहे, हे मान्य करावे लागते.

मे २०११ मध्ये फेडोरा १५ ने तो स्वीकारला. त्याच वर्षी त्यात लॉगइनडी आला. कोण माणूस कोणत्या पडद्यासमोर बसला आहे, त्याला ध्वनी-कॅमेरा द्यायचा का, झाकण मिटले तर यंत्र झोपवायचे का, हे सगळे तो पाहू लागला. १९७१ चा दारवान आता घरचा कारभारी झाला. लवकरच ग्नोमला लॉगइनडीची गरज पडू लागली आणि पेच उभा राहिला. चांगला डेस्कटॉप हवा असेल तर क्रमांक एकही त्यांचाच घ्या, असे चित्र दिसू लागले. विरोधकांचा राग यावर होता. यंत्रातल्या नोंदी साध्या मजकुराऐवजी बंदिस्त स्वरूपात ठेवण्याच्या निर्णयाने त्यात तेल ओतले. विरोधाची भाषा मात्र लाजिरवाणी झाली. आपल्याला मारण्याच्या सुपारीसाठी पैसे गोळा करण्यापर्यंत मजल गेली, असे पोटरिंग यांनी ऑक्टोबर २०१४ मध्ये जाहीरपणे लिहिले. एका इनिटसाठी!

*

डेबियन प्रकल्प १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केला. त्याला मालक नाही, स्वयंसेवक आहेत आणि लिखित घटना आहे. तांत्रिक वादावर निवाडा देणारी एक समितीही आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये प्रश्न तिच्यापुढे आला: डेबियनचा क्रमांक एक कोणता? तक्रारवहीत तो ७२७७०८ या क्रमांकाने नोंदला आहे. या वहीतला पत्रव्यवहार कोणालाही वाचता येतो. मी तो काही आठवडे रोज रात्री वाचला. लोकशाही चालते कशी, याचा इतका तपशीलवार दस्तऐवज मी क्वचितच पाहिला आहे.

समितीत आठ माणसे. रस ऑलबेरी यांनी पर्याय स्वतः वापरून, त्यांसाठी सेवा लिहून, दीर्घ अहवाल दिला आणि सिस्टमडीच्या बाजूने कौल दिला. इयन जॅक्सन यांनीही हात काळे करूनच अपस्टार्टची बाजू घेतली. अपस्टार्ट कॅनॉनिकल कंपनीचा, आणि समितीतले स्टीव्ह लँगासेक व कॉलिन वॉटसन त्या कंपनीत नोकरीला, यावरही चर्चा झाली. सिस्टमडीचे कर्ते रेड हॅटचे, हाही मुद्दा निघाला. मते पडली तेव्हा चार विरुद्ध चार. सिस्टमडीकडे बडेल गार्बी, ऑलबेरी, डॉन आर्मस्ट्राँग आणि एक्सडीएमचे कर्ते कीथ पॅकार्ड. अपस्टार्टकडे जॅक्सन, लँगासेक, वॉटसन आणि आंद्रेआस बार्थ. ११ फेब्रुवारी २०१४ रोजी अध्यक्ष गार्बी यांच्या निर्णायक मताने निकाल लागला. तीनच दिवसांत उबुंटूचे मार्क शटलवर्थ यांनी हार मान्य करून आपणही सिस्टमडी घेणार असल्याचे जाहीर केले. त्या पराभवातली ती शालीनता मला फार आवडली.

पण प्रकरण मिटले नाही. कोणत्याही कार्यक्रमाने एकाच इनिटवर अवलंबून राहू नये, असा ठराव सर्व सदस्यांपुढे आला. नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदान झाले आणि 'सर्वसाधारण ठरावाची गरजच नाही' हा पर्याय जिंकला. त्याच महिन्यात जोई हेस यांनी प्रकल्प सोडला. ते १९९६ पासून डेबियनमध्ये होते आणि त्यांनी लिहिलेल्या साधनांवर डेबियनची बांधणी उभी आहे. निर्णय घेण्याच्या रीतीवरच त्यांनी बोट ठेवले. ऑलबेरी आणि जॅक्सन समितीतून बाहेर पडले. जिंकलेल्या आणि हरलेल्या बाजूचे सर्वांत अभ्यासू गडी एकाच महिन्यात उठून गेले. महिन्याअखेरीस डेव्हुआन नावाची वेगळी चूल मांडली गेली. तिची पहिली पक्की आवृत्ती मे २०१७ मध्ये निघाली आणि ती आजही पेटती आहे.

त्या पत्रांत दंगा करणारे पुष्कळ भेटतात. पण काहींना खरेच वाटत होते की आपल्या हातातले काही जाते आहे. वीस वर्षे ज्याने स्वतःच्या यंत्राची पहाट स्वतःच्या अक्षरात लिहिली, त्याला 'आता हे आम्ही पाहू' असे सांगितले गेले. नवी पहाट चांगली असेलही, पण ती लिहिणारा हात बदलला होता. याचे सांत्वन वेग मोजून होत नाही.

डेबियनचा निर्णय आपल्यापर्यंतही पोचला, कारण सी-डॅकने तयार केलेले 'बॉस' हे भारतीय लिनक्स डेबियनवरच आधारलेले आहे. आपल्याकडे यावर कोणी भांडले नाही. आपण तयार घरात राहायला जाणारे, पायाची आखणी कोणी केली हे विचारत नाही. हे मी स्वतःसकट म्हणतो आहे.

*

आता नोहप. मे २०१६ मध्ये सिस्टमडीच्या २३० व्या आवृत्तीने ठरवले की माणूस सत्रातून बाहेर पडला की त्याच्या मागे राहिलेल्या सर्व प्रक्रिया मारून टाकायच्या. तर्क स्वच्छ होता. डेस्कटॉपची कितीतरी भुते माणूस गेल्यावरही यंत्रात भटकत राहतात. घर सोडताना गॅस बंद केलेला बरा. पण दूरच्या यंत्रावर रात्रभराचे गणित लावून घरी जाणारे हजारो लोक सकाळी परतले तर गणित मेलेले. नोहप लिहूनही! कित्येक दशकांच्या जुन्या शब्दाला नवा कारभारी ओळखत नव्हता. मागे राहायचेच असेल तर आधी त्याच्याकडे 'रेंगाळण्याची' परवानगी मागायची, अशी त्याची नवी रीत. डेबियनने हा डिफॉल्ट उलटा फिरवला.

या भांडणात मी दोन्ही बाजूंचा आहे. सत्र म्हणजे काय, याची दोन उत्तरे यंत्रात एकाच वेळी नांदत होती आणि तोवर ती कोणी समोरासमोर आणली नव्हती. एक उत्तर टेलिफोनच्या काळातले: माणूस गेला तरी त्याचे काम त्याचेच, चालू दे. दुसरे डेस्कटॉपचे: माणूस उठला की पाट उचला.

*

आणि याच दुसऱ्या उत्तराने आमची मराठी घेतली होती.

सिस्टमडीचा एक धाकटा भाऊ असतो. माणसाने प्रवेश केला की क्रमांक एक त्या माणसासाठी स्वतंत्र कारभारी नेमतो, त्या एकट्याच्या सेवा पाहणारा. १९९० च्या दशकापासून बेवारशी राहिलेल्या त्या अर्धवट इनिटला अखेर वारस मिळाला. सप्टेंबर २०१९ मध्ये ग्नोम ३.३४ ने आपले सत्र या कारभाऱ्याच्या हाती दिले. केडीईच्या प्लाझ्माने आधी ऐच्छिक म्हणून आणि २०२२ मध्ये मुळातच तीच वाट धरली. म्हणजे मेन्यूवर टिचकी मारून उघडलेला कार्यक्रम आता या कारभाऱ्याच्या कुळात जन्मतो.

युनिक्सात परिसराची माहिती, म्हणजे भाषा कोणती, कळफलक कोणता, ही मूल जन्मदात्याकडून घेते. चुलत्याकडून नाही. माझ्या ओळी शेलच्या फाईलीत होत्या. शेलच्या पोटी आलेल्या कार्यक्रमांना त्या वारशाने मिळाल्या. मेन्यूतून आलेले कार्यक्रम धाकट्या कारभाऱ्याच्या कुळातले, आणि तो कारभारी शेलचा मुलगा नव्हे. त्याला क्रमांक एकने परस्पर जन्म दिलेला.  एका घरात मराठी पोचली आणि शेजारच्या घरात नाही, ती यामुळे. जुनी डॉट एक्सप्रोफाइल कोणीच वाचली नाही याचे कारण आणखी सरळ. अद्ययावत करताना एक्सची जागा वेलँड या नव्या पडद्याने घेतली होती. क्रिस्टियन हॉगस्बर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. नव्या पडद्याच्या दारवानाला जुन्याची चिठ्ठी वाचण्याचे कारण नव्हते.

या सगळ्या थरांच्या खाली मराठी तरी कुठून येते? टंकन सांभाळणारा आयबस हा रेड हॅटमध्ये लिहिला गेला. त्याला मराठीचे नकाशे पुरवणारा एम१७एन हा संच जपानी संशोधनसंस्थेतला, आणि त्यात इनस्क्रिप्टच्या शेजारी आपल्या 'गमभन'चाही नकाशा आहे. इनस्क्रिप्टची आखणी मात्र घरची, १९९१ च्या भारतीय मानकात छापलेली. आमच्या ताई इनस्क्रिप्टवाल्या. चिनी-जपानी-अमेरिकी हातांनी रचलेल्या वाटेवरून त्यांचा 'ज्ञ' पडद्यावर येतो आणि वाटेत एक जरी निरोप्या बदलला तरी तो पोचत नाही.

दुरुस्ती कळल्यावर ती पाच मिनिटांची होती. धाकटा कारभारी स्वतःच्या परिसराच्या ओळी 'कॉन्फिग' फोल्डरातल्या 'एन्व्हायर्नमेंट डॉट डी' नावाच्या कप्प्यातून वाचतो. तिथे एक फाईल केली, तीन ओळींची. आयबस उठवण्यासाठी दुसरी छोटी सेवा-फाईल लिहिली: चित्रमय सत्र उभे राहिले की ऊठ, ते संपले की मीट, मध्येच मेलास तर पुन्हा ऊठ. पहिल्यांदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश केला तरी फरक पडला नाही. मी घामाघूम. मग लक्षात आले की फाईल लिहिली, पण सेवा नोंदवलीच नव्हती. नोंदवली. ताई बसल्या, त्यांनी ग्रंथाच्या नावाच्या रकान्यात टिचकी मारली आणि इनस्क्रिप्टवर बोटे फिरवली. अक्षरे आली. मेन्यूतून उघडलेल्या कार्यक्रमात आली.

"आता पुन्हा जाणार नाही ना?" त्यांनी विचारले.

मी लगेच उत्तर दिले नाही. वाचनालयाच्या कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर माझ्याच अक्षरात डॉट एक्सप्रोफाइलचे नाव आणि त्या चार ओळी आहेत. मी नसलो तर कोणाला तरी सापडाव्यात म्हणून लिहिलेल्या. त्यावर एक आडवी रेघ मारली, तारीख घातली आणि खाली दुसरी चिठ्ठी चिकटवली. नव्या दोन्ही फाईलींची नावे, त्यांतला मजकूर आणि 'सेवा नोंदवायला विसरू नये' ही सूचना. तिच्या खाली अजून वीतभर जागा आहे. तोवर ताईंनी टंकणे सुरू केले होते. पान मिटायला बारा वाजले.